मकामेच्या हातची होडी

होडीचे सांधे भरणाऱ्या माणसाचे डोळे एक वेळ अधू असले तरी चालतं, कान मात्र तिखट लागतात. हे मकामेला कुणी शिकवलं नव्हतं. चौदाव्या वर्षी तो फाकी मिस्त्रीच्या हाताखाली लागला, तेव्हा त्याचं काम एवढंच, की कापसाचे पेळू वळायचे, खोबरेलात बुडवायचे आणि मोठ्यांच्या हातात द्यायचे. मोठी माणसं दोन फळ्यांमधल्या फटीत तो पेळू धरायची, वर बोथट पटाशी टेकवायची आणि लाकडी मोगरीनं ठाक ठाक करत आत ठासायची. एक दिवस हा असाच पाठमोरा बसून पेळू वळत होता. वळता वळता सहज बोलून गेला, "तिथं पोकळ राहिलंय."

सांधा ठासणारा म्हातारा कारागीर असा चिडला, की मोगरीच भिरकावली त्याच्या अंगावर. फाकी मिस्त्रीनं मात्र कमरेची सुरी काढली आणि त्या जागी खुपसली. सुरी मुठीपर्यंत आत गेली.

विशीत येईपर्यंत त्याचं नाव असं झालं, की आजूबाजूच्या गावांतले नाखवे नवी होडी पाण्यात सोडण्याआधी त्याला बोलावून न्यायचे. त्यानं फक्त मोगरीनं ठोकत एकदा होडीभोवती फिरायचं. एका नाखव्यानं तर परीक्षा म्हणून त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. मकामे ठोकत ठोकत गेला, दोन जागा दाखवल्या, एक खिळा सैल आहे म्हणाला, आणि पुढच्या टोकाशी थांबून म्हणाला, "इथं खाली कोंबडी बसलीय, अंड्यावर आहे, इथं मी ठोकत नाही." कोंबडी होती. अंडी नऊ होती.

मग तो शहरात गेला. उंगुजा बेटावरची पोरं एकदा तरी शहरात जातातच, त्यात नवल नाही. बंदरात लाकडी गलबतांची डागडुजी चालायची, तिथं त्याला काम मिळालं. संध्याकाळी गलबतांच्या आडोशाला चौघे जण गर्द ओढत बसायचे, हा पाचवा झाला. गोष्ट एवढीच. पण लोकांना एवढ्याशा कारणानं समाधान होत नाही. कुणी म्हणायचं प्रेमात फसला, कुणी म्हणायचं कुणीतरी करणी केली, कुणी म्हणायचं बाप लवकर गेला म्हणून. मकामेला विचारलं तर तो सांगायचा, "पाठ फार दुखायची. एकानं ओढायला दिलं, पाठ थांबली." त्या गर्दात त्याची सहा वर्षं गेली.

त्या सहा वर्षांत त्यानं जे केलं ते केलं. आईचं मोठं पातेलं विकलं, घराच्या छपराचे दोन पत्रे रात्रीत उतरवून विकले, फाकी मिस्त्रीचे लाकूड तासायचे दोन वाकस नेले. हे सगळं खरं. पण गावानं त्याच्या नावावर आणखी बरंच चढवलं. जेचा कॉफीवाल्याची शेळी नाहीशी झाली तेव्हा जेचा सरळ मकामेच्या आईच्या दारात येऊन उभा राहिला. आई, किदावा तिचं नाव, म्हणाली, "अरे बाबा, तो दोन महिने झाले शहरातल्या इस्पितळात पडून आहे. उठून बसता येत नाही त्याला."

"मग कुणाकरवी तरी नेली असेल," जेचा म्हणाला.

तीन आठवड्यांनी शेळी आपल्या पायांनी परत आली. गाभण होती आणि गळ्यात दुसऱ्याच कुणाचं तरी दावं होतं. जेचानं शब्द काही मागे घेतला नाही. म्हणाला, "नेली त्यानंच. परत कुणी सोडली, तेवढं कळत नाहीये."

त्याच इस्पितळातून मकामे औषधावर लागला. गर्द सुटावा म्हणून सरकारी दवाखान्यात एक औषध देतात. ते घरी न्यायला मिळत नाही, रोज नर्ससमोर प्यायचं, आणि पिऊन झालं की आपलं नाव मोठ्यानं सांगायचं, म्हणजे घोट तोंडात धरून ठेवलेला नाही हे तिला कळतं. एक दिवस चुकला की हाडं दुखतात, नाक गळतं, पोटात कळा येतात. म्हणून उफुकोनीला, आपल्या गावी, आईकडे परतल्यावरही मकामे पहाटेच्या नमाजानंतरच्या पहिल्या डालाडाला गाडीनं शहरात जायचा आणि दहापर्यंत परत यायचा. दोन वर्षांत त्यानं गर्दाला बोट लावलं नव्हतं. पण जेचाच्या कॉफीच्या ओट्यावर बसणारी माणसं रोज त्या गाडीकडे बघून म्हणायची, "निघाला बघा ओढायला."

जेचाच्या कॉफीचे कप असतात बोटभर उंचीचे, बिनकानाचे, आणि सगळं गाव त्याच सहा कपांतून पितं. एक प्याला की बादलीत बुचकळायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. मकामेसाठी जेचानं पिवळा प्लास्टिकचा मग आणला आणि खांबाला खिळा मारून त्यावर टांगला. मकामे दोन-चार दिवस त्या मगातून प्याला आणि नंतर म्हणायला लागला, की कॉफीनं मला पित्त होतं.

दुकानात गेला की तो फळीपासून दोन हात लांब उभा राहायचा, हात पाठीमागे बांधून. कुणाच्या घरामागून जायचं झालं तर मोठ्यानं खोकत जायचा, म्हणजे कुणाला वाटू नये की हा गुपचूप आला. खोकून खोकून त्याला खराच खोकला लागला. शेवटी दवाखान्यातल्या नर्सनं छाती तपासायला पाठवलं. छातीत काही निघालं नाही.

परतल्यावर पहिल्याच दिवशी तो फाकी मिस्त्रीकडे गेला होता. म्हणाला, "मिस्त्री, वाकस मी नेले होते."

"माहीत आहे," मिस्त्री म्हणाला. "एकाचा दांडा नाहीतरी फुटलेलाच होता. बस."

मिस्त्रीनं त्याला कामावर घेतलं, पण काम कसलं, तर फळ्या वाहायचं, करवतीचं दुसरं टोक धरायचं. सांधे भरायला कुठलाही नाखवा त्याला हात लावू देईना. मोगरी हातात नाही असा सांधे भरणारा माणूस दोन वर्षं दुसऱ्यांच्या मोगरीचा आवाज ऐकत राहिला. कुठं पोकळ आहे ते कानांना कळत होतं. सांगायची सोय नव्हती.

मग असं झालं, की मिस्त्रीच्या म्हाताऱ्या कारागिराच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि तो पेम्बा बेटावर लेकीकडे निघून गेला. नेमकी त्याच वेळी सलमिनी नाखव्याची नवी मासेमारी होडी फळ्या ठोकून तयार होती. सलमिनी म्हणजे उफुकोनीतला वजनदार माणूस, अंगानंही आणि शब्दानंही. तो होडीला हात लावून म्हणाला, "मिस्त्री, आता सांधे कोण भरणार?"

"मकामे."

"गर्दुल्ला?"

"मकामे."

"माझ्या घरची सात माणसं बसणार आहेत या होडीत."

"बसू देत की."

"दुसरा कुणी नाहीच का?"

"आहे ना. पलीकडच्या गावात आहे. त्यानं तुझ्या मेहुण्याच्या होडीचे सांधे भरले होते. ती होडी सध्या कुठं असते?"

सलमिनीनं होडीवरचा हात काढला. मग म्हणाला, "तळाला."

"मग बघ बाबा, होडी तुझी आहे."

सलमिनीनं दाढी खाजवली, होडीभोवती एक फेरी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात अट घातली. होडी पाण्यात सोडल्यापासून तिसऱ्या दिवशी कोरडी असली पाहिजे. नसली, तर सगळा कापूस उपसून काढायचा, पलीकडच्या गावचा माणूस आणायचा, आणि मकामेनं या किनाऱ्यावर पुन्हा मोगरी उचलायची नाही. कुणाच्याच होडीवर नाही.

मिस्त्रीनं मान वळवून मागे पाहिलं. मकामे तिथं उभा होता, हात पाठीमागे बांधून.

"चालेल," मकामे म्हणाला.

बारा दिवस तो सांधे भरत होता. दहाला गाडीतून उतरायचा तो तडक किनाऱ्यावर, आणि संध्याकाळच्या अजानपर्यंत ठाक ठाक चालू. प्रत्येक सांध्यात तीन पेळू, वर चुना आणि तेलाची लुकण. तळाला बाहेरून मुशी माशाचं तेल असं चोपडलं, की गावातली सगळी मांजरं किनाऱ्यावर मुक्कामाला आली. माणसंही यायची. कुणी काडी घेऊन सांध्यात खुपसून बघायचं, कुणी नुसतंच वाकून हुंगायचं. मकामे बाजूला सरून उभा राहायचा आणि ती गेली की पुन्हा सुरू करायचा.

होडी पाण्यात ओढायची तर अमावास्येचं नाहीतर पुनवेचं उधाण गाठावं लागतं. मोठी होडी, ओंडक्यांवरून वाळूतून न्यायची, पन्नास-साठ माणसं तरी दोराला हवीत. त्याला आमच्याकडे मजुरी नसते. ढोल वाजला की ज्याच्या कानावर पडला त्यानं यायचं, अशी रीत. अमावास्येला ढोल वाजला. चौदा माणसं आली. त्यातले तिघे सलमिनीचे भाऊ, एक त्याचा कर्ज मागायला आलेला पाहुणा. बाकीचं गाव ओट्यावर बसून होतं. जेचाला विचारलं तर म्हणाला, "माझी पाठ धरलीय." दुसऱ्याचं घरी कुणी आजारी होतं. तिसरा खरं बोलला. म्हणाला, "गर्दुल्ल्यानं भरलेली होडी मी ओढली आणि उद्या ती बुडाली, तर ते पाप माझ्या हाताला."

चौदा जणांनी होडी हातभर पुढे सरकवली आणि दोर तुटला.

मग पंधरा दिवस होडी वाळूवर. उत्तरेच्या कोरड्या वाऱ्याचे दिवस, आभाळात ढग औषधाला नाही. ऊन असं, की फळी नुसती हाताला चटके देत होती. सुकलेलं लाकूड आक्रसतं आणि सांधा सैल होतो, हे मकामेला कळत होतं. तो सकाळ-संध्याकाळ समुद्राच्या पाण्याच्या बादल्या आणून होडीवर ओतायचा, वर माडाच्या झावळ्या पांघरायचा. येणारे-जाणारे म्हणायचे, "गर्दुल्ला होडीला आंघोळ घालतोय. साबण लाव रे." तो बादल्या आणत राहायचा. पण एका माणसाच्या बादल्या त्या, उन्हापुढे किती पुरणार.

पुनवेच्या उधाणाला सलमिनीनं युक्ती केली. आदल्या दिवशी बैल कापला आणि किनाऱ्यावरच, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, तीन मोठ्या भांड्यांत पुलाव चढवला. लवंग-दालचिनीचा वास ओट्यापर्यंत गेला. लोकांचा राग मकामेवर होता, पुलावावर नव्हता. बुधवारी दुपारी चारला भरती चढली आणि ढोल वाजला तेव्हा दोराला ऐंशी माणसं होती. जेचा सगळ्यात पुढे. त्याची पाठ बरी झाली होती.

होडी पाण्यात गेली, तरंगली, आणि ओहोटीलाही पाणी राहील अशा खोलगट जागी नांगरली. लोकांनी पुलाव खाल्ला, दुवा झाली. मग कुणीतरी होडीत डोकावून ओरडलं, की आत पाणी आलंय.

पाणी नडगीपर्यंत होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. नवी होडी पाणी पितेच. सुकं लाकूड ते, पाण्यात गेलं की पीत राहतं, पिऊन फुगतं, आणि फुगलं की सांधे आपोआप आवळतात. दोन दिवस, तीन दिवस. हे उफुकोनीत पाळण्यातल्या मुलालासुद्धा माहीत. पण त्या दिवशी ते एकालाही आठवलं नाही. आठवला तो फक्त गर्द.

"निम्मा कापूस विकून ओढला असणार," जेचा म्हणाला.

"तेलसुद्धा."

"मी म्हणतच होतो."

फाकी मिस्त्री हाताला लागलेला भात झटकत पुढे आला. "जेचा, तुझ्या बापाची होडी सोडली तेव्हा आत किती पाणी होतं?"

"आठवत नाही."

"मला आठवतंय. मांडीपर्यंत होतं. आत मासा शिरला होता. तुझ्या बापानं तो धरला, किनाऱ्यावर तळला, आणि तू वाकून वाकून हसत होतास, म्हणत होतास, पिऊ दे तिला, तहानलीय."

"तेव्हा सांधे चांगल्या माणसानं भरले होते," जेचा म्हणाला.

सलमिनी गुडघाभर पाण्यात उभा होता आणि त्याच्या कपाळाची शीर उडत होती. "उधाण उतरायच्या आत परत ओढा वर," तो म्हणाला. "आजच कापूस उपसू."

"वर काढलीस तर पुन्हा सुकेल आणि पुन्हा सोडलीस की पुन्हा पिईल," मिस्त्री म्हणाला.

"आत ठेवली तर बुडेल."

दोर पुन्हा उचलले गेले. तेव्हा मागून आवाज आला. मकामेचा आवाज गावानं दोन वर्षांत इतका मोठा ऐकला नव्हता.

"नाखवा, तिसरा दिवस ठरला होता. आज पहिला आहे."

सगळे वळले. मकामे पाण्यात उतरत होता, हात पुढे होते. "मी आत बसतो. उपसतो. बुडली तर मला घेऊन बुडेल."

"आणि सकाळी?" जेचानं विचारलं. "सकाळच्या पहिल्या गाडीला कोण जाणार?"

कुणीतरी फिसकन हसलं. मकामे तिथंच थांबला, कारण प्रश्न खरा होता. गेला नाही, तर उद्या संध्याकाळपर्यंत तो कण्हत पडणार, नाक गळणार, आणि सगळे म्हणणार, बघा, गर्द मिळाला नाही. गेला, तर म्हणणार पळाला. दोन वर्षं त्यानं त्या गाडीबद्दल गावात चकार शब्द काढला नव्हता. लोक काय ते समजत होते आणि हा समजू देत होता.

"मी जाणार," तो म्हणाला. "दवाखान्यात औषध असतं, ते प्यायला मी रोज जातो. गर्द सुटावा म्हणून देतात. नाही प्यालो तर मी आजारी पडेन, मग होडी कोण उपसेल? दहाला परत येतो."

"आणि दहापर्यंत?"

"दहापर्यंत मी उपसेन," बायकांच्या घोळक्यातून किदावा म्हणाली. ती अंगाभोवतीचं कापड, कंगा, कमरेला खोचत पाण्यात आली. "माझ्या घराचे दोन पत्रे सहा वर्षं नव्हते. पाणी उपसायची मला चांगली सवय आहे."

हसू आवरेना लोकांना. मकामेही हसला. पत्रे त्यानंच विकले होते आणि ते सगळ्यांना माहीत होतं. आईनं ते असं चारचौघांत हसत सांगून टाकलं, तशी त्याच्या मानेवरची एक गाठ सैल झाली.

सलमिनीनं दोर खाली टाकला. "ठीक. पण उद्या मी तुझ्याबरोबर येणार. बघतो कसलं औषध ते."

गुरुवारी पहाटे दोघे गाडीत बसले. सलमिनी आधी दोन बाकं सोडून बसला. मग गाडीत गर्दी झाली आणि लोकांनी त्याला ढकलत ढकलत मकामेच्या शेजारीच आणून बसवलं. दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली रांग होती. गळ्यात टेप लटकवलेला एक शिंपी होता, तान्हं मूल घेतलेली एक बाई होती, एक गाडीचा कंडक्टर होता. सलमिनी रांगेत मकामेच्या मागे उभा राहिला, कारण कुठं उभं राहायचं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खिडकीतून नर्सनं त्याच्याकडे पाहिलं.

"नवे आहात का? किती वर्षं झाली?"

"त्रेपन्न," सलमिनीनं आपलं वय सांगितलं.

"त्रेपन्न वर्षं ओढताय आणि एवढे धडधाकट?" नर्सनं पेन खाली ठेवलं. "थांबा, मी डॉक्टरांनाच बोलावते."

ते निस्तरेपर्यंत रांगेतल्या सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली. मग मकामेनं औषध घेतलं, आपलं नाव मोठ्यानं सांगितलं, आणि नर्स म्हणाली, "काय रे, सोडली का पाण्यात?"

"सोडली."

"पितेय का?"

"नडगीपर्यंत."

"मग ठीक," नर्स म्हणाली. "तूच सांगितलं होतंस ना, नवी होडी पिते म्हणून."

शिंप्यानं विचारलं, उधाण चुकलं नाही ना. तान्ह्या मुलाच्या आईनं विचारलं, दोर नवा घेतला की जुनाच जोडला. सलमिनी तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. परत येताना गाडीत म्हणाला, "माझ्या होडीची माझ्या बायकोला जेवढी खबर नाही तेवढी तुझ्या रांगेला आहे."

"रोज विचारतात," मकामे म्हणाला. "दुसरं सांगण्यासारखं माझ्याकडे काय होतं?"

पण उफुकोनीतली एक बाई त्या दिवशी शहरात मासळी विकायला गेली होती. तिनं कडुनिंबाखालच्या रांगेत सलमिनी नाखव्याला पाहिलं. आणि फोन काय, गाडीपेक्षा आधी पोचतो.

सलमिनी गाडीतून उतरला आणि दुकानात साखर घ्यायला गेला. दुकानदाराच्या बायकोनं पैशांचा खण हळूच सरकवून बंद केला. त्याला वाटलं, वारा असेल. घरी बायको डोळे पुसत बसली होती. म्हणाली, "कधीपासून चाललंय हे?" तिला समजावता समजावता त्याचा घसा सुकला, म्हणून तो ओट्यावर आला. जेचा तबकावर वाकला. तबकात सहा कप पालथे, धुतलेले, रिकामे होते. जेचाचा हात त्यांच्यावर जरा वेळ घुटमळला, मग वर खांबाकडे गेला, आणि पिवळा मग खाली आला.

"हा कुणाचा?" सलमिनीनं विचारलं.

"असू दे, नाखवा. आज कप कमी आहेत."

"जेचा, मी नुसता बघायला गेलो होतो."

"हो, हो. आम्ही कुठं काय म्हणतोय?"

"त्याच्याबरोबर गेलो होतो. रांगेत उगाच उभा राहिलो."

"उगाच कोण उभं राहतं?" जेचा समजूतदारपणे म्हणाला. "होतं असं, नाखवा. माणूस आहे."

सलमिनीनं मगातली कॉफी संपवली, कारण टाकून उठावं तर तेही लोक बघणार. मग तो छोट्या ओंडक्याच्या नावेतून होडीवर गेला. मकामे कापलेल्या तेलाच्या डब्यानं पाणी उपसत होता. किदावा एका बाजूला पाय पसरून कसाव्याचा भाजलेला कंद खात होती. सलमिनी आडव्या फळीवर टेकला आणि म्हणाला, "मला अर्धा दिवस झाला. तू दोन वर्षं कशी काढलीस?"

मकामेनं उपसता उपसता विचार केला. "खोकत काढली," तो म्हणाला.

सलमिनीला ते कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं तो डबा मकामेकडून काढून घेतला आणि स्वतः उपसायला लागला. त्याला ते नीट जमत नव्हतं, निम्मं पाणी पुन्हा आतच सांडत होतं. पण उपसत राहिला. आणि त्या संध्याकाळी त्याच्याच लक्षात आलं, की डबा आता तळाला खरवडतोय, पूर्ण भरत नाहीये.

मकामेनं मोगरी घेतली आणि आतून पाण्याच्या रेषेलगत एक एक फळी ठोकत गेला. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत. मग मोगरी खाली ठेवून आईला म्हणाला, "घरी जा. आज छान झोप."

शुक्रवारी जुम्याची नमाज सुटली आणि गाव मशिदीतून थेट किनाऱ्यावर आलं. मकामे दहालाच आला होता आणि होडीत बसून होता. भरती चढत होती, होडी किनाऱ्याजवळ आणली होती. जेचा दोन्ही हात पाठीशी बांधून अगदी पाण्याच्या कडेला उभा होता.

सलमिनी आला तो कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पायघोळ कंझूत. लोकांना वाटलं, आता हा कंझू वर खोचेल. त्यानं खोचला नाही. होडीत चढला, तळाच्या फळ्या दोन हातांनी बाजूला केल्या, आणि होडीच्या अगदी तळाशी, जिथं पाणी आधी साचतं तिथं, सरळ मांडी घालून बसला. बसला तो बसलाच. नुसतं पाहायचं म्हणून किती वेळ लागतो? त्यानं तस्बीहच्या माळेचे शंभर मणी ओढून होतील एवढा वेळ घेतला. कुणाचं पोर रडायला लागलं, आईनं त्याला दूर नेलं. मकामे आडव्या फळीवर बसून समुद्राकडे बघत होता, माणसांकडे नाही.

मग सलमिनी उठला आणि किनाऱ्याकडे पाठ करून उभा राहिला.

सगळं गाव वाकून नाखव्याच्या बैठकीकडे बघत होतं. अशी वेळ उफुकोनीवर पूर्वी आली नव्हती. पांढऱ्या कंझूवर मुशीच्या तेलाचा एक मोठा, पिवळट, वास मारणारा डाग होता. तो काही धुवून जाणारा नव्हता. पाण्याचा थेंब मात्र नव्हता.

"जेचा," सलमिनी वळून न बघताच म्हणाला, "ओलं आहे का?"

जेचा आणखी दोन पावलं पाण्यात आला, चपलांसकट. त्यानं डोळे बारीक केले. मग हात लांबवून कंझूला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं.

"तेल आहे," तो म्हणाला. "नुसतं तेल."

फाकी मिस्त्री मटकन वाळूत बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. दोघांनी त्याची पाठ चोळली. सलमिनीनं मकामेचा हात धरला आणि त्याला होडीतून किनाऱ्यावर उतरवून घेतलं. एरवी होडी हवाली करताना नाखवा मिस्त्रीचा हात धरून त्याला उतरवतो. तो मान त्यानं आज मकामेला दिला. मिस्त्रीनं तेही पाहिलं आणि मान डोलावली.

मकामे दोन रात्री झोपला नव्हता. तो तसाच घरी गेला आणि दारातल्या ओट्यावर चटई टाकून आडवा झाला, तोंड उघडं, एक हात खाली लोंबता. दोन वर्षांत तो असा भरदिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कधी झोपला नव्हता, लोक काय म्हणतील म्हणून. आता तो घोरत होता. सगळ्या गल्लीला ऐकू जात होतं.

तासाभरात जेचाचा मोठा भाऊ आला. त्याची होडी मागच्या पावसापासून एका बाजूनं गळत होती. मग पलीकडच्या गावचा एक नाखवा आला. त्याच्या मागोमाग सलमिनीचा तो मेहुणा आला, ज्याची होडी तळाला होती आणि आता नवी बांधायची होती.

"झोपलाय," किदावा दारातून म्हणाली. "मी उठवणार नाही."

"आम्ही कुठं उठवा म्हणतोय?" जेचाचा भाऊ म्हणाला. तिघेही ओट्याच्या कडेला सावली बघून बसले, आणि मकामेची झोप मोडू नये म्हणून हळू आवाजात मासळीच्या गप्पा मारू लागले.